लाकडाचं राउटर, लिनक्ससीएनसी आणि रास्पबेरी पाय: पिना थेट ड्रायव्हरला जोडू का?

मेस्ताचो_पूत (डिचोली) · १४ जून, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

घरचा धंदा सुतारकामाचा. बाबा देव्हारे, चौरंग आणि चवथीची मखरं करतात. मी दिवसा दुसरीकडे नोकरीला आणि संध्याकाळी बाबांच्या हाताखाली. पाच वर्षांपूर्वी चार बाय दोन फुटांचं राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारं मशीन, जोडून घेतलं. एक्सला एक, वायला दोन, झेडला एक अशा चार नेमा २३ स्टेपर मोटारी (एकेका स्टेपने, म्हणजे पावलाने, फिरणाऱ्या), त्यांना वीज देणारे डीएम५४२ ड्रायव्हर, १६०५ बॉलस्क्रू, कटर फिरवायला २.२ किलोवॉटचा स्पिंडल. चालवायला एक म्हातारा पेंटियम ४, त्यात विंडोज एक्सपी, मशीन हाकणारं मॅक३ सॉफ्टवेअर आणि मागे पॅरलल पोर्ट.

परवा पहिला मोठा पाऊस झाला. रात्रीत दोनदा वीज गेली-आली आणि सकाळी पीसी उठलाच नाही. उघडून बघतो तर मदरबोर्डावरचे तीन कपॅसिटर मोदकासारखे वर आलेले. आता नव्या पीसीला पॅरलल पोर्ट नसतो, आणि मॅक३चा पोर्टवाला ड्रायव्हर ६४ बिटच्या विंडोजवर चालत नाही.

घरात एक रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा संगणक, पडून आहे, टीव्हीला लावला होता. मशीन चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या सॉफ्टवेअरची पायसाठीची तयार इमेज मिळते, ती २.९ ची एसडी कार्डावर टाकली. अ‍ॅक्सिस उघडलं, त्याच्या स्क्रीनवर लुटुपुटीची मशीन फिरलीसुद्धा. आता प्रश्न असा: पायच्या चाळीस पिनांतून स्टेप आणि डिरेक्शनचे (पाऊल आणि दिशेचे) सिग्नल काढून थेट ड्रायव्हरला दिले तर चालेल का? कोणी केलंय? चवथीला अडीच महिने आहेत आणि अकरा मखरांची आगाऊ रक्कम बाबा घेऊन बसलेत.

तिरका_स्क्रू · १४ जून, रात्री ९:५८

पायावर मशीन म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहणं. फक्त धोंडा कुठे पडतोय तेवढं बघा.

(जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवली आहे.)

सांगलीचा_लेथ · १४ जून, रात्री १०:२०

कशाला ती भानगड? कुठल्याही ऑफिसातून भंगारात निघालेला डेस्कटॉप घ्या, पोर्ट नसेल तर पीसीआय एक्सप्रेसचं पॅरलल पोर्ट कार्ड लावा, डेबियन लिनक्सवर आरटीएआय हा वेळ काटेकोर पाळणारा कर्नल टाका. माझ्याकडे दोन मशीन असेच चालू आहेत, लेटन्सी, म्हणजे कामाला पोचायला होणारा उशीर, १० मायक्रोसेकंदांच्या आसपास. दहा वर्षांत हात लावलेला नाही. लॅपटॉप मात्र घेऊ नका, त्याची वीज वाचवायची खटपट मधेच आडवी येते.

पाय हे पोरांचं खेळणं आहे. राग मानू नये.

वेर्णा_नाईटशिफ्ट · १५ जून, पहाटे ३:१५

मूळ प्रश्नाचं उत्तर आधी देतो: मोटारी फिरतील, पण मखर होणार नाही.

हिशेब मांडू. डीएम५४२ वर फेरीला १६०० स्टेपचा स्विच आहे असं धरतो. १६०५ स्क्रूची एक फेरी म्हणजे ५ मिमी, म्हणून मिलिमीटरला ३२० स्टेप. मिनिटाला ४००० मिमीने पळवायचं तर सेकंदाला जवळजवळ ६७ मिमी, म्हणजे साधारण २१,३०० स्टेप. दोन स्टेपांमधे ४७ मायक्रोसेकंद. आणि प्रत्येक स्टेपला पिन एकदा वर, एकदा खाली. थोडक्यात पायने दर २३ मायक्रोसेकंदांनी हातातलं काम टाकून पिनेकडे यायचं. एकदाही उशीर न करता, चार-चार तास.

माझ्या पाय ४ वर प्रीएम्प्ट-आरटी कर्नल आहे, तोही वेळ पाळणाराच. उशीर मोजणारा लेटन्सी-हिस्टोग्राम अख्खी रात्र लावून ठेवला, जोडीला ब्राउझरमधे व्हिडिओ आणि मोठ्या फायलींची कॉपी. बहुतेक वेळ आकडा ३० च्या आत होता. पण सकाळी पाहिलं तर सगळ्यात वाईट नोंद ९४ मायक्रोसेकंद. म्हणजे रात्रीत कधीतरी लागोपाठ चार वेळा पिनेकडे यायचं हुकलं. धावत्या मोटारीला एवढी खोट पडली की रोटर मागे राहतो, कुंई असा आवाज करून जागच्या जागी थरथरतो, आणि लिनक्ससीएनसीला याचा पत्ताच नसतो, कारण साधा स्टेपर उलट काही कळवत नाही. पुढचं सगळं कोरीव काम दोन मिमी सरकून.

आपल्याकडच्या घुमट आरतीचं उदाहरण घ्या (घुमट म्हणजे मातीचं तालवाद्य). आरती म्हणणाऱ्याने पुढचं कडवं जरा उशिरा उचललं तरी घुमटवाला ठेका सोडत नाही, म्हणून आरती सांभाळली जाते. तुम्ही गाणाऱ्यालाच घुमट वाजवायला सांगताय. ठेका धरायला वेगळा माणूस ठेवा. मेसा कंपनीचं ७आय९६एस सारखं कार्ड असतं, त्यातला एफपीजीए (हव्या त्या कामासाठी घडवता येणारी चिप) स्टेप काढतो. पाच अक्ष, अकरा इनपुट, सहा आउटपुट. पाय त्याला इथरनेटवरून दर १ मिलिसेकंदाला एवढंच सांगतो की कुठला अक्ष किती वेगाने. १००० मायक्रोसेकंदांत ९४ चा उशीर झाला तर कोणाला कळणार नाही.

आणि एक. पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. ड्रायव्हरच्या ऑप्टोला, म्हणजे सिग्नल घेणाऱ्या भागाला, ५ लागतात. ३.३ वर कधी लागेल कधी नाही अशी अवस्था, ती पूर्ण न लागण्यापेक्षा वाईट. उलट दिशेने ५ व्होल्ट पिनेवर आले तर पाय गेला.

कुळागर (फोंडा) · १५ जून, सकाळी ८:०५

घुमटाचं उदाहरण आवडलं. पण मला एक विचारायचंय, देव्हाऱ्याला लिनक्ससीएनसी लागतंच कशाला?

मी घरांच्या नावांच्या पाट्या करते. लाकूड, अ‍ॅक्रिलिक, कधी चिऱ्यावर बसवायच्या कोटा दगडाच्या. ईएसपी३२ या छोट्या चिपवर फ्लुइडएनसी हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर आहे, चारचौघांत सांगायला लाज वाटेल इतक्या कमी पैशांत झालं. त्याआधी तीन वर्षं अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर ग्रबल हे तसंच सॉफ्टवेअर होतं. उनो १६ मेगाहर्ट्‌झची असून सेकंदाला ३०,००० स्टेप काढते, कारण तिला दुसरं काही कामच नाही. नाईटशिफ्ट, तुमच्याच हिशेबाने २१,३०० त्यात बसतात की!

वेर्णा_नाईटशिफ्ट · १५ जून, सकाळी ८:४०

बसतात. तेच म्हणतोय ना ताई, ठेकेवाला वेगळा हवा, मग तो एफपीजीए असो की उनो. फरक असा की ग्रबलमधे मार्ग आखायचं डोकंही त्या ३२ केबीच्या चिपमधेच कोंबलेलं आहे. म्हणून तिथे जी-कोडमधली (मशीनला द्यायच्या आज्ञांतली) जी४१-जी४२ ची हत्याराच्या जाडीची भरपाई नाही, जी८१ सारखी भोकांची तयार चक्रं नाहीत, चौथा अक्ष नाही. लिनक्ससीएनसीत डोकं लिनक्सवर, आणि हॅल या त्याच्या जोडणीच्या भागात हवी ती तार हव्या त्या ठिकाणी जोडता येते. धूळ ओढायचा पंखा, कटरची उंची मोजणारा टूल सेटर, हातातलं चाक, काय वाटेल ते. गरज कितीची आहे ते धागाकर्त्याने सांगावं.

मेस्ताचो_पूत · १५ जून, संध्याकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. पिनांचा विचार सोडला.

गरज: बाबांना गणपतीच्या मागची प्रभावळ उठावाची हवी असते. एका प्रभावळीची फाइल १४ लाख ओळींची. दोन वाय मोटारी वेगवेगळ्या होम करून (शून्याच्या जागी नेऊन) गॅन्ट्री, म्हणजे वरचा आडवा पूल, काटकोनात आणायची आहे, आता ती मी हाताने ढकलून गुण्याने बघतो. आणि पुढे-मागे खांबांसाठी फिरता चौथा अक्ष. खांब अजून बाबा लेथवर काढतात, पण कंबर ऐकत नाही आता.

सांगलीकर, जुना पीसी मी शोधला. म्हापशात एकाकडे होता. उघडला तर आत झुरळांचं संमेलन.

जुना_वाचक · १५ जून, रात्री ११:१०

अवांतर, पण पोरांना ठाऊक असावं म्हणून. लिनक्ससीएनसी हे कुणा हौशी माणसाचं खेळणं म्हणून जन्मलेलं नाही. अमेरिकन सरकारच्या निस्ट या मोजमापांच्या संस्थेने १९९० च्या दशकात एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर नावाने ते केलं आणि सार्वजनिक करून टाकलं. पुढे स्वयंसेवकांनी ते ईएमसी२ म्हणून वाढवलं. त्याच आद्याक्षरांची एक मोठी कंपनी होती, तिने हरकत घेतली, तेव्हा २०११ च्या सुमारास लिनक्ससीएनसी हे नाव आलं. ग्रबल त्यामानाने लेकरू, २००९ चं, नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांचं.

आणि ज्या प्रीएम्प्ट-आरटीच्या जोरावर पाय हे सगळं करतो, ते ठिगळ वीसेक वर्षं बाहेरून लावावं लागत होतं. २०२४ च्या ६.१२ कर्नलपासून ते मूळ लिनक्सात आलं.

तिरका_स्क्रू · १५ जून, रात्री ११:१४

वीस वर्षं? मग ते ठिगळ गोव्यातच शिवत असणार. सुशेगाद.

कुंडईकर · १६ जून, दुपारी १:२०

तिरक्या, आमच्या वसाहतीत तीन पाळ्या चालतात. सुशेगाद म्हणणाऱ्यांनी एकदा पहाटे पाचला बस पकडून दाखवावी.

आता मुद्द्याचं. मी मेंटेनन्सला आहे. दोन वर्षांपूर्वी एका छोट्या मिलिंग मशीनचा मूळ कंट्रोलर मेला, त्याजागी पाय ४ आणि इथरनेटचं कार्ड लावलं. आठवडाभर झकास. मग दिवसातून एकदा-दोनदा मशीन मधेच थांबायला लागलं. स्क्रीनवर संदेश: वॉचडॉग हॅज बिट, म्हणजे राखणदार कुत्रा चावला. कार्डाला ठरलेल्या वेळेत, माझ्याकडे ५ मिलिसेकंद होते, पायकडून काही आलं नाही की कार्ड सगळे आउटपुट सोडून देतं. सोय चांगलीच आहे, पण अर्धा कापलेला जॉब तुमच्या हातात राहतो.

मी काय काय केलं: वायफाय बंद, ब्लूटूथ बंद, प्रोसेसरचे दोन कोअर आयसोलसीपीयूज या सेटिंगने बाजूला काढले, प्रोसेसरची गती कायम वरच्या पट्टीत बांधली. फरक पडला, पण चावणं पूर्ण थांबेना. ऑपरेटर म्हणायचा, "साहेब, शेजारचा काँप्रेसर सुरू झाला की होतं." मी म्हणायचो, छे, काँप्रेसरचा आणि इथरनेटचा काय संबंध. तीन आठवडे हेच.

शेवटी एका रविवारी मल्टीमीटर घेऊन बसलो. पायला मी मोबाइलचा चार्जर आणि दीड मीटरची बारीक वायर लावलेली. पायच्या टोकाला ४.६ व्होल्ट, आणि काँप्रेसर सुरू होताना त्याहून खाली. व्होल्टेज पडलं की पाय स्वतःची गती कापून घेतो, आणि मग कसली वेळ नि कसलं काय. गंमत म्हणजे असं झालं की पाय स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दाखवतो. आमच्याही स्क्रीनवर ते यायचं. ऑपरेटरला त्रास होतो म्हणून पहिल्याच आठवड्यात मीच ते सेटिंगमधे जाऊन बंद केलं होतं.

पॅनलमधल्या २४ व्होल्टवरून ५ व्होल्ट ५ अँपिअरचा चांगला कन्व्हर्टर, जाड आणि वीतभर वायर. तेव्हापासून कुत्रा गप्प आहे.

पेडण्याचा_पाऊस · १६ जून, दुपारी १:४४

वॉचडॉग चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात का?

कुंडईकर · १६ जून, दुपारी १:५०

घेतली. मॅनेजरकडून.

सांगलीचा_लेथ · १६ जून, दुपारी ४:३५

हेच! पाय, कार्ड, कन्व्हर्टर, कोअर बाजूला काढा, गती बांधा. एवढ्या वेळात माझा डेस्कटॉप चार जॉब काढून मोकळा होतो. पैशांतही बघा. कार्ड बाहेरून मागवणार, वर जकात. माझा अख्खा पीसी त्याच्या चौथाईत.

वेर्णा_नाईटशिफ्ट · १६ जून, रात्री १०:०५

लेथकाका, तुमचं म्हणणं सांगलीत खरं आहे. हा टोमणा नाही. इथे पावसाळ्यात चार महिने पीसीच्या पंख्यातून ओलसर भुसा आत जातो आणि मदरबोर्डावर त्याचा लेप बसतो. धागाकर्त्याचे कपॅसिटर वयाने गेले की त्या लेपाखाली शिजून गेले, कोण सांगणार. पायला पंखा नाही लावला तरी चालतो. अ‍ॅल्युमिनियमची जाड डबी मिळते, तीच हीटसिंक. ती बंद पॅनलमधे, केबल ग्लँडमधून वायरी बाहेर. आमच्याकडे एक तसा तीन पावसाळे टिकलाय. कार्ड महाग आहे हे मात्र कबूल, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पेडण्याचा_पाऊस · १७ जून, रात्री ८:१५

विजेचा विषय निघालाच आहे तर माझी फजिती ऐका.

मी शिगम्याच्या चित्ररथांसाठी आणि नरकासुरासाठी थर्माकोल-प्लायची कामं करतो. पाय आणि कार्ड माझ्याकडेही आहे. वीज जाऊन एसडी कार्ड खराब होऊ नये म्हणून शहाणपणाने पायला छोटा यूपीएस लावला. फक्त पायला. मोटारींच्या एसएमपीएसला (वीजपुरवठ्याला) आणि स्पिंडलच्या व्हीएफडीला (त्याचा वेग ठरवणाऱ्या डब्याला) नाही, तेवढा मोठा यूपीएस परवडतो कुणाला.

शिगम्याच्या आदल्या आठवड्यात रात्री साडेबाराला वीज गेली आणि दोन-तीन सेकंदांत परत आली. यूपीएसवरचा पाय जागा. कार्डाला पायमधूनच ५ व्होल्ट, तेही जागं. स्क्रीनवर आकडे पळतायत, सगळं सुरळीत. मोटारी मात्र तेवढा वेळ मेलेल्या, मग एकदम जिवंत झाल्या आणि जिथे होत्या तिथून पुढची चाल चालायला लागल्या. जागा चाळीसेक मिमी चुकलेली. व्हीएफडी स्वतःहून परत सुरू होत नाही, त्यामुळे स्पिंडल थांबलेला. न फिरणारा ८ मिमीचा कटर प्लायमधून नांगरासारखा ओढत नेला हो त्याने! कटर तुटला तेव्हा आवाजाने मी जागा झालो. हो, मी झोपलो होतो. मशीन चालू ठेवून झोपू नये हे मला आता कळतं, कृपया सांगू नका.

त्यानंतर एक २३० व्होल्टच्या कॉइलचा रिले मेन लाइनवर लावला, यूपीएसच्या आधी. त्याचा संपर्क कार्डाच्या इनपुटला, आणि हॅलमधे तो इमर्जन्सी स्टॉपच्या साखळीत. वीज पापणीएवढी लवली तरी लिनक्ससीएनसी जागीच थांबतं. होम करायचं आणि हव्या त्या ओळीपासून पुन्हा सुरू. त्याआधी झेड वर घ्यायचा आणि स्पिंडल हाताने चालू करायचा, नाहीतर पुन्हा नांगर.

कुळागर · १७ जून, रात्री ८:५०

"पाय जागा, मोटारी मेलेल्या"... हे माझ्या नणंदेच्या लग्नातल्या ऑर्केस्ट्राचं वर्णन आहे.

यूपीएस नसेल तर सगळंच एकदम जातं, ते परवडलं म्हणायचं का मग? आणि एसडी कार्डाचं काय? माझी दोन गेली.

कुंडईकर · १७ जून, रात्री ९:२०

कार्ड जातंच. लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइल सिस्टम लटकते. मी यूएसबीवर छोटा एसएसडी लावतो, पाय ४ त्यावरून सुरू होतो. आणि सगळं नीट चालायला लागलं की त्या दिवशीच अख्ख्या कार्डाची प्रत काढून ठेवा. मशीनची सेटिंग असलेल्या आयएनआय आणि हॅल या दोन फायली तर स्वतःला मेलसुद्धा करा.

आंबाडेवाला · १८ जून, सकाळी ७:१०

धागा वाचतोय, कळत काही नाही. पण मखर कसल्या लाकडाचं करता? आमच्याकडे फणसाचं होतं, आजोबांच्या वेळचं, अजून पिवळंधमक आहे.

मेस्ताचो_पूत · १८ जून, सकाळी ९:००

फणस मिळाला तर सोनंच. पण रुंद फळी मिळत नाही आणि चीक असलेला तुकडा निघाला तर कटरला गोंद बसतो. देव्हारा सागवानाचा किंवा शिवणीचा. दर वर्षी काढ-घाल करायच्या मखरांना लोक हल्ली एमडीएफ मागतात. श्रावणात एमडीएफ कापायचा म्हणजे सकाळी १८ मिमीची शीट संध्याकाळी कडेला साडेअठरा. बाबा म्हणतात हा भुशाचा पापड आहे.

आंबाडेवाला · १८ जून, सकाळी ९:१२

बाबांना माझा नमस्कार सांगा.

सांगलीचा_लेथ · १८ जून, सकाळी ९:३०

एमडीएफबद्दल बाबांना अनुमोदन. निदान एका बाबतीत या धाग्यावर एकमत झालं.

कुळागर · १८ जून, रात्री ९:४५

मेस्ताचो पूत, एक सुचवू का? कार्ड मागवून येईपर्यंत महिना जाईल, मग जोडणी, मग कुत्रा चावणार, मग चवथ. माझ्याकडे ग्रबल टाकलेली उनो ड्रॉवरमधे पडून आहे, वर बसणारं शील्डही (ड्रायव्हर जोडायचा बोर्ड) आहे. शनिवारी मी साखळीला येतेय, घेऊन जा. दोन्ही वाय ड्रायव्हर एकाच पिनेला जोड. काटकोन अजून एक वर्ष गुण्याने बघ. तुझा पाय त्या उनोला जी-कोड पाठवायला लाव, सीएनसीजेएस हे पाठवायचं सॉफ्टवेअर पायवर मजेत चालतं.

मेस्ताचो_पूत · १८ जून, रात्री ९:५२

ताई, देव पावला. शनिवारी येतो. बाबांनी विचारलंय, ताईंना देव्हारा हवा का.

बहिरी_ससाणा · २ जुलै, रात्री ११:००

वाचनखूण साठवली आहे.

मेस्ताचो_पूत · ९ ऑक्टोबर, रात्री १०:१५

धागा वर काढतोय, उशिराबद्दल माफी. चवथ, मग पितृपक्ष, मग दसऱ्याची दोन कामं.

अकरा मखरं झाली. सगळी उनोवर. पहिल्या दिवशी स्पिंडल सुरू केला की यूएसबी तुटायची आणि काम अर्ध्यावर. व्हीएफडीच्या वायरीला लागून यूएसबीची तीन मीटरची वायर गेलेली. अर्ध्या मीटरची घेतली, दोन्ही टोकांना विजेचा गोंगाट गाळणारे फेराइट लावले, स्पिंडलची शील्डवाली वायर वेगळ्या बाजूने फिरवली. मग तुटली नाही. १४ लाख ओळींची प्रभावळ उनोने नऊ तासांत काढली. बारीक वळणांवर थोडी अडखळायची, फाइलमधले बिंदू कमी केले तेव्हा सुधारली.

चवथीनंतर कार्ड आलं. पाय आणि कार्डामधे एकच वायर, कार्डाचा पत्ता १०.१०.१०.१०. आता हसू नका. पहिल्यांदा मी ती वायर घरच्या वायफाय राउटरमधून नेली होती, म्हणजे फायलीही त्याच वाटेने येतील. कुंडईकर, तुमचा कुत्रा दर दहा मिनिटांनी चावत होता. थेट जोडल्यावर थांबला. चार्जर आधीच बदलला होता, आणि विजेचं चिन्ह चालूच ठेवलंय. पेडण्याच्या दादांचा रिलेही लावला.

मग अक्षाच्या टोकाचे लिमिट स्विच खोटे लागायला लागले. कार्डाला येणाऱ्या स्विचच्या वायरी आणि स्पिंडलची वायर एकाच ड्रॅग चेनमधे होत्या, मॅक३च्या काळात हे कधी जाणवलं नाही. वायरी वेगळ्या केल्या, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं, हॅलमधे क्षणिक खोटे सिग्नल गाळणारा डिबाउन्स घातला. अर्थिंगचा खड्डा बघितला तर तो मेपासून कोणी भिजवलेला नव्हता, चिऱ्याच्या जमिनीत कोरडा ठणठणीत.

दोन वाय मोटारी आता आपापल्या स्विचवर होम होतात. गुण्या भिंतीवर टांगलाय, पण बाबा अजून रोज सकाळी काढून लावून बघतात.

बाबांना स्क्रीनमधलं काही कळत नाही, ते चहाचा कप घेऊन डोळे मिटून मशीनजवळ बसतात आणि आवाज ऐकतात. उनोच्या वेळी म्हणायचे, "वळणावर धापा टाकतंय." परवा लिनक्ससीएनसीवर तीच प्रभावळ लावली. कप संपेपर्यंत बसले आणि मग म्हणाले, "झेडच्या स्क्रूला तेल नाही." बघितलं. खरंच नव्हतं.

वेर्णा_नाईटशिफ्ट · १० ऑक्टोबर, पहाटे ४:०२

बाबांना आमच्या लाइनवर क्वालिटीला पाठवा.

तीच फाइल किती वेळात झाली?

मेस्ताचो_पूत · १० ऑक्टोबर, सकाळी ८:३०

साडेसहा तास. मार्गाची सूट (आखलेल्या रेषेपासून ढळायची मुभा) ०.०५ मिमी ठेवून. उनोच्या नऊ तासांतला थोडा दोष माझ्या सेटिंगचाही असणार.

सांगलीचा_लेथ · १० ऑक्टोबर, सकाळी १०:१०

अभिनंदन पोरा. आकडा चांगला आहे. तरी माझा डेस्कटॉप.

तिरका_स्क्रू · १० ऑक्टोबर, सकाळी १०:१२

काका तुम्ही, तुमचा डेस्कटॉप आणि झुरळं, तिघंही अमर आहेत.

कुळागर · १० ऑक्टोबर, दुपारी २:४०

उनो परत द्यायची घाई नाही. देव्हारा मात्र शिवणीचाच हवा, आणि घंटा टांगायला वर आडवी पट्टी.

नवीन_नारळ · १३ नोव्हेंबर, रात्री ९:३३

नमस्कार, मी नवीन सदस्य. मडगावला असतो. मी कालच पाय ५ घेतला. तो ४ पेक्षा बराच वेगवान आहे असं ऐकतो. तर त्याच्या पिना थेट ड्रायव्हरला जोडल्या तर चालेल का?

वेर्णा_नाईटशिफ्ट · १४ नोव्हेंबर, पहाटे २:५०

पाय ५ च्या पिना प्रोसेसरवर नसून आरपी१ नावाच्या वेगळ्या चिपवर आहेत, मधे पीसीआय एक्सप्रेस. त्यामुळे ४ साठी लिहिलेलं पिनांचं जुनं सॉफ्टवेअर त्यावर तसंच्या तसं चालत नाही. इथरनेटचं कार्ड लावणार असाल तर उत्तम मशीन आहे. ५ व्होल्ट ५ अँपिअर, चार्जर नको.

तिरका_स्क्रू · १४ नोव्हेंबर, सकाळी ७:०१

नारळबाब, १५ जून, पहाटे ३:१५. शहाळं फोडून घ्या आणि तिथून वाचायला लागा.